भरपूर पाणी प्या

नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सर्वांत कडक नऊ दिवस, लागायच्या आदल्या दिवशी डॉक्टर विनोदिनी चांदूरकरांनी पेशंटांसाठी उन्हाळ्याचा मेसेज सांगितला, तोही दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून. समोर दवाखान्यातली मदतनीस मंदाकिनी फोनवर टाइप करत होती.

सदर बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या दवाखान्याची ही जुनी रीत होती. ऋतू बदलला की पेशंटांना चार गोष्टी कळवायच्या. दवाखान्याच्या वेळा काय, साथ कसली आहे, काय खायचं, काय टाळायचं. त्यांचे यजमान डॉक्टर यशवंतराव होते तेव्हा ते दाराशी लावलेल्या फळ्यावर स्वतः लिहायचे, वळणदार अक्षरात, आणि लिहून झालं की रस्त्यात उभं राहून लांबून वाचून बघायचे. यशवंतराव गेले, तशी दोघा नवराबायकोची ओपीडी एकट्या विनोदिनीबाईंच्या अंगावर आली. फळा कुठे गेला कोण जाणे. आता सगळं फोनवरून जायचं.

"लिही," विनोदिनीबाई म्हणाल्या. "दुपारी बाहेर पडू नका. डोकं-कान बांधून घ्या. तहान नसली तरी भरपूर पाणी प्या, तासातासाला ग्लासभर. ओआरएस घ्या, लिंबूपाणी घ्या. बाहेरचा बर्फ नको. लघवी कमी झाली, चक्कर आली तर लगेच या. ज्यांचं हार्ट किंवा किडनी कमजोर आहे त्यांनी पाण्याचं आधी आम्हाला विचारावं. त्यांना जास्त पाणी चालत नाही."

मंदाकिनीचा अंगठा थांबला. "मॅडम, लय लांब होऊन राहिला. एवढा कोन वाचते?"

बाहेर बाकांवर जागा उरली नव्हती. कूलरचं पाणी संपल्यामुळे तो नुसतीच गरम हवा फेकत होता. कोणाचं तरी लेकरू रडून रडून आता उचक्या देत होतं.

"मग शेवटचं काढून टाक," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"शेवटच्या दोन्ही ओळी?"

"दोन्ही. आणि पुढचा पेशंट पाठव."

मेसेज गेला. रात्रीपर्यंत हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखेच पेशंट येऊ लागले. गोल बाजारातला भांड्यांच्या दुकानातला माणूस भर दुपारी टेम्पोतून माल उतरवताना पडला, त्याला दोघांनी धरून आणला. ऊन लागू नये म्हणून खिशात त्याच्या गोंदली, म्हणजे कांदा, होती, पण सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. "मेसेज नाही का पाहिला?" असं विचारलं तर म्हणाला, "देखा था मॅडम. बहुत अच्छा था." एक बाई रस्त्यावरचा बर्फाचा गोळा खाऊन आलेल्या नातवाला घेऊन आली आणि वर तिनेच विनोदिनीबाईंना समजावलं की यंदाची गर्मीच तशी आहे.

विनोदिनीबाईंना राग येईनासा झाला होता. राग यायलासुद्धा अंगात जीव लागतो. सलाइन लावायची, बीपीचा पट्टा सोडायचा, तेच वाक्य बोलायचं आणि पुढच्याकडे वळायचं. दुपारी दवाखाना बंद करून वर घरी गेल्या की जेवायच्या आधीच त्या फरशीवर आडव्या व्हायच्या. ताट झाकलेलंच राहायचं.

अशाच एका दुपारी खालची बेल वाजली. मग परत वाजली. मग कोणीतरी शटरच ठोकायला लागलं.

खाली ऑटो उभा होता. आत लहानूजी मेश्राम, रेल्वेतून रिटायर झालेले, गुढियारीला राहणारे, त्यांचे बारा-पंधरा वर्षांपासूनचे पेशंट. ते पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते आणि त्यांचे खांदे नुसते वरखाली होत होते. एका बाजूने बायको मीराबाई, दुसऱ्या बाजूने नात रुचिता.

"जय भीम, मॅडम," लहानूजी म्हणाले, आणि तेवढ्यानेच त्यांना धाप लागली.

"बोलू नका. आत आणा यांना."

दोन वर्षांपूर्वी लहानूजींना अटॅक आला होता. तेव्हापासून हृदयाचं पंपिंग कमी झालेलं. पण माणूस मोठा शिस्तीचा. गोळी चुकवायचा नाही, मीठ जपून, वजन करून यायचा. विनोदिनीबाई इतर पेशंटांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. आता त्यांच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. पाठीला स्टेथोस्कोप लावला, तर खालपासून वरपर्यंत पाण्याचे बुडबुडे फुटल्यासारखा आवाज.

"कधीपासून?"

"तीन-चार दिवस झाले," मीराबाई म्हणाल्या. "आडवं पडलं का जीव घाबरते म्हनते. काल रात्रभर बसून काढली. मी म्हनलं डॉक्टरीणबाईकडे जाऊ, तर म्हने ऊन आहे, मॅडमनं दुपारी निघू नका म्हनून लिवलं आहे."

इंजेक्शन भरता भरता विनोदिनीबाईंनी विचारलं, "गोळ्या बंद केल्या का? लोणचं-पापड काही?"

"नाई जी. एक गोळी नाई चुकली."

"पाणी किती पिता?"

यावर लहानूजींनी मान वर केली. त्या धापेतही त्यांच्या चेहऱ्यावर, काम बरोबर केलेल्या माणसाच्या असतं ना, तसं काहीतरी आलं.

"तुमी लिवलं तसंच. तासातासाला गिलास. मधात... ओआरएस. सकाळी बासीचं पानी, रातच्या भिजवल्या भाताचं. तहान नसली तरी."

विनोदिनीबाईंचा हात क्षणभर थांबला. सुई अजून शिरली नव्हती. मग त्यांनी ती नीट टोचली, हळूहळू औषध सोडलं, आणि ऑक्सिजनचा मास्क त्यांच्या तोंडावर बसवला.

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना लहानूजी, दिवसभरात दीड बाटलीच्या वर नाही म्हणून?"

मास्कमधून त्यांचा आवाज घोगरा आला. "ते जुनं होतं. रेल्वेत... नवीन आदेश आला का जुना रद्द. मले वाटलं, गर्मी आहे म्हनून... मॅडमनं वाढवून देल्लं."

"दादाजी को मैंने ही पढ़के सुनाया था," रुचिता हळूच म्हणाली. "दो बार."

बोलावलेली रुग्णवाहिका येईपर्यंत विनोदिनीबाई त्यांच्याजवळच उभ्या राहिल्या. मग मंदाकिनीला फोन करून सांगितलं, संध्याकाळची ओपीडी आज नाही, आणि घरच्याच साडीवर रुग्णवाहिकेत चढल्या. चाळीस वर्षांच्या नोकरी-धंद्यात त्यांनी संध्याकाळ फार थोड्या वेळा बंद ठेवली असेल. मंदाकिनी पलीकडून विचारत राहिली, "काय झालं मॅडम? तब्येत बरी आहे ना तुमची?" त्यांनी फोन ठेवून दिला.

मोठ्या इस्पितळातला ड्युटी डॉक्टर तरुण होता, चुणचुणीत. त्याने भराभर सगळं केलं. मॉनिटर लावला, लघवीची नळी घातली, एक्सरे मागवला. मग कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता त्याने विचारलं, "इतना पानी पीने को किसने बोला इनको? हार्ट के पेशंट हैं!"

मीराबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या काही सांगणार नव्हत्या हे विनोदिनीबाईंना दिसलं.

"मैंने," विनोदिनीबाई म्हणाल्या.

त्या तरुण डॉक्टरने वर पाहिलं. त्याला आधी कळलं नाही, मग कळलं, मग त्याने ओशाळून परत कागदात मान घातली. "होता है मॅडम," तो पुटपुटला. मीराबाई मात्र बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता. नवीन काहीतरी समजल्यावर माणूस जसा बघतो, तशा त्या बघत होत्या.

लहानूजी वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बरंच पाणी उतरलं, ते उशीला टेकून झोपू शकले. विनोदिनीबाईंना हे फोनवर कळलं तेव्हा त्या ओपीडीत बसलेल्या होत्या. त्यांनी 'बरं' म्हटलं आणि समोरच्या पेशंटची नाडी परत पहिल्यापासून मोजली, कारण आधी मोजलेली त्या विसरून गेल्या होत्या.

त्या दुपारी त्या वर गेल्याच नाहीत. मंदाकिनीला समोर बसवलं आणि हार्टचे, किडनीचे जेवढे पेशंट होते त्यांना एकेक करून फोन लावायला सांगितलं. नावं शोधावी लागली नाहीत. एवढ्या वर्षांत कोणाचं काय दुखतं ते त्यांना तोंडपाठ होतं. मंदाकिनीने चार-पाच नंबर लावले. मग म्हणाली, "मॅडम, मीच म्हनलं होतं लांब झाला म्हनून."

"काढायला मी सांगितलं," विनोदिनीबाई म्हणाल्या. "लाव पुढचा."

बहुतेकांनी मेसेज वाचलाच नव्हता. इतकी वर्षं ज्या गोष्टीने त्यांचा जीव वैतागायचा, तिचं त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. टिकरापाऱ्यातल्या एका बाईंनी दोन दिवस जास्त पाणी घेतलं होतं आणि पाय जड वाटताहेत म्हणाल्या. त्यांना तसंच बोलावून घेतलं. तेलीबांध्याला शालिग्रामजी राहायचे, तलावाजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये, किडनीचे जुने पेशंट. फोन सुनेने उचलला.

"आंटी, बाबा तो फरवरी में ही चले गए," ती म्हणाली. "नागपूर ले गए थे, वहीं। हमको लगा आपको पता होगा।"

तीन महिने. त्यांच्या फोनवर मेसेज जातच राहिला होता.

"मला माहीत नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "खूप चांगले होते."

"हाँ आंटी. आपका नाम लेते थे।"

फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ दोन्ही तळवे डोळ्यांवर धरून बसल्या. मंदाकिनीने चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली, तरी त्यांनी कप उचलला नाही.

इस्पितळातून सुटी मिळाल्यावर आठवड्याने लहानूजी दाखवायला आले, मीराबाईंच्या हाताला धरून. चेहरा उतरलेला होता, पण श्वास शांत. पायावरची सूज गेली होती आणि चामडी सैल पडून सुरकुतली होती. विनोदिनीबाईंनी त्यांना तपासलं, मग स्टेथोस्कोप गळ्यातून काढून ठेवला.

"लहानूजी, चूक माझी झाली. मी अर्धंच लिहिलं होतं. तुमच्यासारख्यांनी विचारून पाणी प्यावं, हे त्यात होतं, ते मी काढायला लावलं."

लहानूजी घाईघाईने हात हलवू लागले. "नाई नाई जी, असं काहून बोलता? तुमीच तर वाचवलं. म्याच इचारलं असतं एक फोन करून, तर..."

"तुम्ही का विचाराल? मी लिहिलं होतं ना."

"जाऊ द्या ना जी," ते कळवळून म्हणाले. त्यांना ते ऐकवेना. विनोदिनीबाईंच्या लक्षात आलं, की आपली माफी ऐकून घेणं या माणसाला आजारपणापेक्षा जड चाललं आहे. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी पुढे ओढली.

तेव्हा मीराबाई बोलल्या. इतकी वर्षं त्या नवऱ्यामागे नुसत्या उभ्या राहायच्या, पिशवी सांभाळत.

"बाई, एक बोलू का? राग नका मानू. तुमी थकल्या आहा. आमाले दिसते ते. साहेब गेले तवापासून तुमी तोंडाकडे पाहून बोलतच नाई, चिठ्ठीकडे पाहून बोलता." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पन आमी तर तुमच्यावरच सोडलं आहे ना सारं. तुमीच अशा थकल्या तर आमी कोठी जाव?"

"मीरा!" लहानूजी दबक्या आवाजात म्हणाले.

"राहू द्या," विनोदिनीबाई म्हणाल्या. "बरोबर बोलतायत त्या."

बाहेर बाकांवरून मंदाकिनीचा आवाज येत होता, ती कोणाला तरी सांगत होती, की मॅडम आता बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी बसणार नाहीत, हव, पक्कं, भांडू नका. ते विनोदिनीबाईंनी परवाच ठरवलं होतं. लोक कुरकुरत होते. दोन संध्याकाळी बंद ठेवून एवढ्या वर्षांचा थकवा जाईल, असं त्यांना वाटत नव्हतंच. पण निदान त्या दोन दिवशी त्या ताट झाकून न ठेवता जेवत होत्या.

"मीराबाई, तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "या खुर्चीवर. तुमचं बीपी शेवटचं कधी पाहिलं?"

"माझं?" मीराबाई हसल्या. "माझं काहून? मले काय झालं?"

"हात द्या इकडे."

त्यांनी पट्टा गुंडाळला. मीराबाईंच्या दंडाचं हाड हाताला लागत होतं. आकडा पाहिला, थोडं थांबून पुन्हा पाहिला. चांगलंच वाढलेलं होतं. डोकं दुखतं का, विचारलं, तर मीराबाई म्हणाल्या, ते तर रोजचंच आहे, त्यात काय सांगायचं.

विनोदिनीबाईंनी एक गोळी लिहिली. ड्रॉवरमधून तिची पट्टी काढून ती लहानूजींच्या हातात न देता मीराबाईंच्या हातात ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि त्यांच्याकडे बघून सांगायला लागल्या, कधी घ्यायची, कशावर घ्यायची, चक्कर आली तर काय करायचं, किती दिवसांनी परत यायचं. सवयीने त्या भरभर बोलून गेल्या.

"जरा हळू सांगा ना बाई," मीराबाई म्हणाल्या. "मले नाई समजलं."

बाहेर कोणीतरी दार ढकलून डोकावलं आणि परत गेलं. विनोदिनीबाईंनी मंदाकिनीला दार लोटून घ्यायला सांगितलं. मग मीराबाईंच्या हातातली ती गोळ्यांची पट्टी त्यांच्या तळहातावर उलटी करून, पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.