चार बोटं साल

हिवाळ्यात बागेला चार शहाणी माणसं पुरतात, हे सांगून माझी जीभ झिजली, पण कुणी ऐकेल तर शपथ. मी इथली माळीण. गुलाब छाटायचे, रोपांवर गोणपाट घालायचं, वाळका पाला वाफ्यांत पसरायचा, एवढंच काम. त्याला स्वयंसेवक येतात तेवीस, आणि शहाणं त्यात कोण ते मला अजून सापडलेलं नाही.

माझा जीव तुतीत. नोकरीला लागले त्याच आठवड्यात मी ती लावली; माझ्या लेकीच्या वयाची आहे. थंडीत तुतीची पानं झडतात, यात नवल ते काय? पण ऑफिसातल्या साहेबांना ती वाळलेली दिसली, कारण त्यांना त्याच जागी तिकीटखिडकी हवी होती. सोमवारी येऊन बघतो, मेलेली असेल तर तोडू, असं सांगून गेले.

स्वयंसेवक सुतकी चेहरे करून बसले. त्यांची समजूत काढायला मी खोडावरची जराशी साल नखाने खरवडली. आतून हिरवीगार. बघा, जिवंत आहे, म्हटलं. झालं! तिथेच मी पायावर धोंडा पाडून घेतला.

दुसऱ्या दिवशी स्वयंसेवकांतल्या मास्तरांनी स्वतः खरवडून खात्री केली. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, दुसऱ्याच्या उत्तरावर विश्वास ठेवतोय होय! मग त्यांच्यातल्याच एका भावजयीने खरवडलं म्हणून तिच्या नणंदेने खरवडलं, कारण तिला भावजयीचं हिरवं जरा फिकट वाटलं. सकाळच्यांचं संध्याकाळच्यांना पटेना. जो तो यायचा, प्रेमाने चौकशी करायचा आणि नख लावून जायचा.

रविवारी मी पाला गोळा करायला वाकले आणि माझे डोळे पांढरे झाले. खोड चहूबाजूंनी सोललेलं. एक उभी पट्टी तेवढी शाबूत, जेमतेम चार बोटं. साल पूर्ण गोल निघाली की झाड खरंच मरतं. मुळांचं पोट सालीतूनच भरतं. मी सगळ्यांची अशी हजेरी घेतली की मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. मग खोडाला गोणपाट गुंडाळून तिथेच स्टूल टाकून बसले. इतक्या मायेने कुणी कुणाचा जीव घेतला नसेल.

सोमवारी साहेबांनी गोणपाट सोडायला लावलं आणि नाक मुरडलं.

"याला कीड लागलीय."

"कीड नाही साहेब, स्वयंसेवक."

साहेब शिडीवर चढले. कुणाचा हात पोचला नव्हता अशा फांदीवर त्यांनी किल्ली घासली. हिरवं निघालं. खाली उतरून त्यांनी मुकाट्याने कागदावर 'जिवंत' लिहून सही केली. मी हात जोडणार, तेवढ्यात किल्ली पुन्हा बाहेर आली. एकदा खालीही बघून घेतो म्हणाले, आणि निघाले थेट त्या चार बोटांकडे.

मी त्यांच्या हातावर फाडकन चापट मारली.

बावीस वर्षांत ऑफिसातल्या कुणाशी मी मान वर करून बोलले नव्हते. साहेबांनी हात चोळला, किल्ली खिशात टाकली.

"फार दुखत असेल का हो त्याला?" त्यांनी हळूच विचारलं.

मला जे रडू फुटलं ते आवरेना. साहेब मातीत उकिडवे बसले आणि स्वतःच्या हाताने गोणपाट बांधायला लागले. गाठ चुकीची बसली होती, पण ती मी कुणाला सोडू दिली नाही.