खिडकीवरचा सेन्सर

आईने माझ्या सापाला खालून भाजलं. चुकून नाही. चुकून करणारं माणूस पसारा ठेवून जातं. आमच्या आईने काम एकदम स्वच्छ केलं होतं.

सापाचं नाव दोऱ्या. नारिंगी, बिनविषारी, जाडीला माझ्या अंगठ्याएवढा. मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. तिथलं एक गिऱ्हाईक शहर सोडून चाललं होतं, त्याने काचेच्या पेटीसकट मला देऊन टाकला. इतक्या विश्वासाने मला शाळेत कुणी खडूसुद्धा दिला नव्हता. शाळेत मला नुसतं बाकावर उभं करायचे. शेवटचं उभं केलं तेव्हा सरांनी मारलेला डस्टर मी त्यांनाच परत मारला आणि घरी आले, ती आलेच.

सापाला स्वतःची ऊब नसते, बाहेरून द्यावी लागते. पेटीच्या अर्ध्या भागाखाली विजेवर तापणारी हीट मॅट लावायची, अर्धा भाग गार ठेवायचा. थंडी वाजली की तो इकडे येतो, पुरे झालं की तिकडे जातो. पण मॅट थेट प्लगात घालायची नाही. मध्ये थर्मोस्टॅट लागतो. त्याच्या वायरीच्या टोकाला शेंगदाण्याएवढा सेन्सर असतो, तो मॅट आणि काचेच्या मध्ये बसवायचा. काच तापली की मॅट बंद, गार झाली की चालू. चिकटपट्टी लावायची ती पेटीच्या बाहेरून, आत लावली तर सापाची कातडी सोलून निघते. हे सगळं का, तर सापाला पोटाखालचा चटका लवकर कळत नाही. खालून भाजत असलं तरी तो ऊब मिळतेय समजून पडून राहतो.

हे मी आईला एकदा समजावून सांगितलं होतं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे आमच्या वॉर्मरसारखंच की."

आई हॉस्पिटलात कमी दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात आहे. सगळे तिला मावशी म्हणतात. तिथे वॉर्मरखाली मुठीएवढी बाळं ठेवतात आणि पोटावर सेन्सर चिकटवतात. तो सुटला तर मशीनला वाटतं बाळ गार पडलंय, मग ते तापवतच सुटतं. म्हणून आई येता-जाता प्रत्येकाच्या पोटावरची पट्टी बघते. पट्टी काढायची तिची पद्धत ठरलेली. कडेने तेलाचं बोट फिरवायचं, मग सावकाश सोलायची. परत लावताना एक कोपरा दुमडून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी नखाने उचलता येतो. "नर्ससुद्धा मलाच हाक मारतात," असं ती जेवताना सांगते. आम्ही विचारलेलं नसतं.

त्या दिवशी मी दुकानातून आले तर बारक्या पेटीला नाक लावून बसला होता. बारक्या माझा भाऊ.

"ताई, दोऱ्या आज शहाण्यासारखा बसलाय. मी टकटक केलं तरी हलला नाही."

थर्मोस्टॅटवर चौदा आकडा आणि लाल दिवा, म्हणजे मॅट चालू. चौदा म्हणजे पेटी बर्फासारखी हवी. मी तळाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. आधी प्लग ओढला. मग वायर धरून धरून मागे गेले. वायर पेटीखाली जातच नव्हती. ती खिडकीत गेली होती. बाहेरच्या थंडीत, चौकटीवर, सेन्सर पट्टीने नीट चिकटवलेला. पट्टीचा कोपरा दुमडलेला. बोट लावलं तर तेलकट.

मी आधी त्याचा फोटो काढला. आमच्या दुकानात शिकवतात, फोन उघडायच्या आधी फोटो काढून ठेवायचा, नाहीतर नंतर गिऱ्हाईक म्हणतं तुम्हीच फोडला.

दोऱ्याला उचललं. पोटावरचे खवले पांढरे पडले होते, मध्येच फोडासारखं फुगलेलं, पाणी भरलेलं. तो माझ्या हातात नुसता लोंबत होता.

"टूथपेस्ट लावू?" बारक्या म्हणाला.

"तुझ्या तोंडाला लाव आणि गप्प बस."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बघून चष्मा काढला. "सेन्सर निसटला?"

"काढला."

त्यांनी पुढे विचारलं नाही. म्हणाल्या, "रोज धुवायचं, मेलेली कातडी अलगद सोडवायची, मलम लावायचं. आत माती नको, साधा कागद. कात टाकेपर्यंत हेच. एखादा दिवस चुकला तर जखम सडेल. नाहीतर आत्ताच इंजेक्शन देऊन झोपवूया, तेही वाईट नाही."

"मी करीन."

त्यांनी माझ्या हातात चिमटा दिला. "हे फडकं उचल." मी उचललं. चिमटा टेबलावर टकटक वाजत होता. मला राग आला की हात असेच होतात.

"या हातांनी त्याची चांगली कातडीही निघेल. घरात कुणी आहे का शांत हाताचं?"

आहे ना. म्हटलं, आहे एक.

आई ड्युटीवरून येऊन पाय पसरून बसली होती. मी दोऱ्याला कापडात गुंडाळून तिच्यासमोर ठेवलं.

"हे काय आहे?"

"तूच सांग. तुझंच काम आहे."

तिने कापडाचं टोक उचलून बघितलं. नाक मुरडलं नाही, दचकली नाही. बाळाची नॅपी बघतात तसं बघितलं. "अजून जिवंत आहे?"

"मरायला हवा होता?"

"हो," आई म्हणाली. "तो गेला की तुला घरी राहायला कारण उरणार नाही. सोळा वर्षांची घोडी, दिवसभर लोकांचे फुटके फोन चाटते आणि आल्यावर सापाची आया होते. माझ्याबरोबरीच्या बायकांच्या मुली कुठे पोचल्या बघ."

"म्हणून भाजलंस?"

"फेकून दिला असता तर तू शोधून आणला असतास."

बोलली तेही स्वच्छ. मला वाटलं होतं निदान खोटं तरी बोलेल.

"याला रोज मलमपट्टी लागते," मी म्हटलं. "तुझ्या हाताने."

आई हसली. खरंच हसली. "अगं बाई, नड पडली का? कर ना तू. तुला तर सगळं येतं. शाळेत काय शिकायचंय तुला!"

"माझे हात थरथरतात."

"माहितीय. बापावर गेलीस. त्यालाही हातातलं काही नीट धरता आलं नाही, बायकोसुद्धा." तिने पाय जवळ घेतले. "सोमवारपासून शाळेत जा. तू शाळेत गेलीस की मी पट्टी करीन. तू एक दिवस बुडवलास, मी एक दिवस बुडवीन. आहे कबूल?"

बारक्या दारात उभा होता. त्याला कळलं नाही, पण त्याने नखं खायला घेतली.

मी फोन काढला आणि खिडकीचा फोटो तिच्या नाकासमोर धरला.

"हे तुमच्या सिस्टरला दाखवू? विचारीन, ही पट्टी कुणाच्या हातची ते ओळखा. दुमडलेला कोपरा बघून लगेच सांगतील. मग सांगीन, मावशींना कुणाचा राग आला की त्या सेन्सर काढून गार जागी ठेवतात. बाहेर बाकड्यावर बाळांच्या आया बसलेल्या असतात ना, त्यांनाही दाखवीन. एकेकीला."

"बाळांचं काय घेऊन बसलीस?" आईचा आवाज खाली आला. "मी बाळांना कधी..."

"हात तोच आहे ना?"

स्वतःच्या हातांकडे बघितलं तिने, मग उठून साबणाने कोपरापर्यंत धुतले. पुन्हा धुतले.

"बारक्या, दिवा इकडे धर," ती म्हणाली. "आणि तू डोकं धर त्याचं. आवळू नकोस."

त्या दिवसापासून रोज. ड्युटीवरून यायची, हात धुवायची, बसायची. मेलेली कातडी अशी सोडवायची की दोऱ्याला पत्ताच लागायचा नाही. मी बघत राहायचे. शिव्या घालायच्या म्हणून तोंड उघडायचे आणि तिची बोटं बघून मिटायचे. आमच्यात बोलणं एवढंच: "धर." "धरलंय." "पालथा कर." मी नवा सेन्सर बसवला होता, खाली, मॅट आणि काचेच्या मध्ये, वर जाड पट्टी, आणि बारक्याला सांगून ठेवलं होतं की आई पेटीजवळ गेली की बघायचं. आईसमोरच सांगितलं.

आणि दोऱ्या? मलम लावून झालं की आईच्या मनगटाला वेटोळं घालायचा. माझ्या नाही. माझे हात कायम गार. आईचे गरम असतात, वॉर्डातली बाळं त्यांनीच झोपतात. ज्या बाईने शेकून काढला तिच्याच हाताला गच्च बिलगून जीभ काढत बसायचा.

"मूर्ख," आई त्याला म्हणायची. त्याच्याकडे न बघता.

मग एका दुपारी त्याने कात टाकली. पोटाकडे अडकली होती, ती आईने ओल्या कापसाने सोडवली. खाली नवी कातडी, आकसलेली, डागाडागाची, पण बंद. जखम कुठेच उघडी नव्हती. बारक्या टाळ्या वाजवायला लागला.

"झालं," आई म्हणाली. "आता मला सांगायचं नाही."

तेव्हा मला वास आला. तिच्या हातांना नेहमी बाळांच्या तेलाचा वास असतो. आज ब्लीचचा होता. मग आठवलं, बरेच दिवस तोच होता. बोटांची टोकं पांढरी पडून चिरली होती.

"हात कशाने फाटलेत?"

"चादरी धुतेय."

"वॉर्डातल्या?"

"सगळ्या हॉस्पिटलच्या. लाँड्रीत घेतलंय मला. मीच मागितलं."

"का?"

"एका बाळाची पट्टी बघितली, पुढे गेले, परत आले. परत बघितली. मग दुसऱ्याची. सकाळी सिस्टर म्हणाल्या, मावशी, बाळांना झोपू द्या की." ती कापसाचे बोळे गोळा करत होती. "मला आठवतच नव्हतं, हात लावून मी पट्टी बसवली की काढली."

"मी कुणाला काही सांगितलं नाही," मी म्हटलं. "फोटोसुद्धा नाही दाखवला. शप्पथ."

"मला सांगितलंस ना."

दोऱ्या तिच्या मनगटावर चढत होता. ती हात लांब धरून उभी राहिली. "काढ हा."

मी काढला. शेपटीचं टोक शेवटपर्यंत सुटत नव्हतं, एकेक वेढा सोडवावा लागला. पेटीत ठेवला. तो उबेच्या बाजूला गेला आणि नव्या पोटावर पडून राहिला.

आई तिथेच उभी होती. मी गुडघ्यांवर बसले, पेटीखाली हात घातला आणि सेन्सर जागेवर आहे का ते चाचपून बघितलं. ती बघत होती. मी पुन्हा एकदा चाचपून बघितलं.