कोंडा म्हशीले

देवमनच्या पोटानं त्याला जीव नकोसा केला होता. सकाळी लोटा घेऊन जायचं आणि घामाघूम होऊन तसंच परत यायचं. जोर करावा तर रक्त पडायचं. थोरला भाऊ सहदेव चांदूर रेल्वे गावी आतड्यातल्या गाठीनं वारला होता, कळवळून कळवळून. आपलंही तेच होणार या धास्तीनं देवमनला घास गोड लागेना.

अमरावतीच्या डॉक्टरनं तपासलं. सध्या गाठ लागत नाही, म्हणाला. ती कशानं होते हे मलाही नक्की ठाऊक नाही, पण पोट असं तुंबू देऊ नका. कोंड्यासकट जाडंभरडं खा, भाजीपाला खा, आणि रक्त थांबलं नाही तर पुन्हा या. घ्या! जन्मभर ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाल्ली, तेव्हा पोट कुठं आहे हेही देवमनला ठाऊक नव्हतं. दुखणं लागलं ते अकोल्याला पोराच्या घरी, सुखात.

पोरगा धर्मपाल कचेरीत कारकून. लहानपणी बापाच्या मागं दारोदार फिरून शिळी भाकर मागितलेली तो विसरला नव्हता. छप्पन साली घरानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, मागणं सुटलं. नोकरी लागल्यावर त्यानं ठरवूनच टाकलं की आपल्या घरात भाकर दिसायची नाही, बाप गव्हाची पोळीच खाईल. सून पंचफुला मोठी मायेची. सासऱ्याच्या पोळीसाठी ती पीठ फडक्यातून दोनदा चाळायची आणि कोंडा शेजारच्या गोदाबाईच्या म्हशीला घालायची. देवमन रोज बघायचा आणि चिडायचा. म्हशीचं पोट साफ आणि माणसाचं बंद, हा कुठला न्याय?

त्यानं पोराला डॉक्टरचं सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, ताट सरकवून पाहिलं. धर्मपाल त्याचे पाय चेपायचा, एरंडेल आणून द्यायचा, पण भाकरीचं नाव काढलं की तोंड फिरवायचा. आता असल्या लाडाला काय म्हणावं? कपाळ!

शेवटी एका संध्याकाळी देवमन उठला आणि गोदाबाईच्या मागच्या दारी जाऊन त्यानं भाकर मागितली. तिनं तव्यावरची ताजी भाकर दिली, वर अंबाडीची भाजी. तो दारात उभ्यानंच खात होता, तोच धर्मपाल कचेरीतून आला. त्यानं आधी गल्लीत पाहिलं, कोणी बघतंय का. मग बापाच्या हातातल्या भाकरीकडे पाहिलं.

"बाबा, पुन्हा?" एवढंच तो म्हणाला.

देवमनच्या मनात साचलेलं सगळं वर आलं. "जनमभर भुकेपायी मांगतली, बाबू. आज तुह्या घरी पोटभर खाऊन मांगा लागली."

धर्मपालनं बापाचा हात धरून त्याला घरी आणलं. पण दारातच तो थांबला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पंचफुलेला म्हणाला, "उद्यापासून आपल्या घरी ज्वारीची भाकर. मीबी तेच खाईन."

देवमननं उरलेला तुकडा तोंडात घातला. राग अजून गेला नव्हता.

"अन् पीठ चाळू नको म्हन तिले," तो म्हणाला.