गोरक्षच्या चेहऱ्यावरचे तीस दिवस

मित्रांनो, मी प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा. आता जुना झालो आहे. पिंपरीच्या एका रुग्णालयात, किरणोपचाराच्या खोलीतल्या फळीवर मी पडून असतो.

चाकणच्या कारखान्यातला वेल्डर गोरक्ष बैलगाडा शर्यतीत माइकवरून निवेदन करायचा. दाढी करताना त्याच्या मानेत गाठ लागली. घशाचा कॅन्सर निघाला, एका विषाणूमुळे झालेला. हा प्रकार उपचारांना चांगली दाद देतो. म्हणून डॉक्टर विजयश्रींनी त्याला एका वैद्यकीय संशोधनाच्या अभ्यासात यायचे का, असे विचारले. त्यात किरणे नेहमीच्या पस्तीसऐवजी तीस वेळा. आवाज आणि गिळणे वाचण्याची आशा जास्त. पण आजार उलटणार नाही, याची हमी नव्हती.

त्याने सही केली होती. तरी तंत्रज्ञ नवनाथ मला मऊ करायला पाणी तापवत होता, तेव्हाही त्याची बायको अनिता भांडतच होती.

"आवाज गेला तर जाऊ द्या. तुमी हवेत मला!"

"अन् घोटभर पाणीबी गिळता आलं न्हाई तर?" गोरक्ष म्हणाला.

"अभ्यासाला अजूनही नाही म्हणता येईल," डॉक्टर म्हणाल्या.

गोरक्ष टेबलावर आडवा झाला. नवनाथने मला त्याच्या तोंडावर ताणून बसवले. थंड होताना मी त्याच्या नाकाडोळ्यांचा आकार घेतला. रोज मला टेबलाला अडकवत, म्हणजे त्याची मान केसभरही हलू नये. दार बंद झाले की त्याचा श्वास माझ्यावर जोरात आदळे. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या मानेची कातडी भाजली. पेजसुद्धा घशाखाली उतरेना.

तिसाव्या दिवशी नवनाथने मला सोडवले, पण गोरक्ष उठेना. डॉक्टर आत आल्या.

"अजून पाच द्या, मॅडम. मला भ्या वाटतंय."

डॉक्टरांनी अनिताला आत बोलावले. तिने त्याच्या पाठीखाली हात घातला. "आता मागं फिरायचं न्हाई. उठा. मी हाय ना."

मग तीन महिने काहीच कळले नाही. एके दिवशी अनिता धापा टाकत आली आणि नवनाथला म्हणाली, "स्कॅन साफ हाय, भाऊ!" त्याला भाकरी अजून कालवणात भिजवावी लागते, आवाजही जरा बसलेलाच आहे. तपासण्या पुढची काही वर्षे चालतील, आणि त्या प्रत्येक तारखेची तिला धास्ती आहे.

मित्रांनो, घरात कुणाच्या मानेत गाठ दिसली, तर ती दुखत नाही म्हणून अंगावर काढू देऊ नका. हाताला धरून दवाखान्यात न्या. किती उपचार पुरेसे, हे त्याला डॉक्टरांसमोर बसून, सगळे विचारून ठरवू द्या. आणि त्या टेबलावरून उतरणाऱ्या माणसाला आधाराला कुणीतरी हवे, एवढे विसरू नका.