वर पाणी आहे

"अर्धीच भर," सासरे स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले. "उगाच ओझं कशाला? वर पाणी आहे."

बटणताईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या. दोन-दोन लिटरच्या दोन. उजवा गुडघा कालपासून कुरकुरत होता, तरीही. कारण वर पाणी नव्हतं. नकाशात नव्हतं म्हणजे नव्हतंच, आणि तो नकाशा दुसऱ्या कुणाचा नाही, खुद्द तिच्या हातचा होता.

बटणताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. जंगलातल्या पायवाटा आणि झरे सांभाळणारी जी कचेरी आहे, तिथं ती बावीस वर्षं कळफलक बडवत होती. साहेबांचं वाक्य संपायच्या आत कागद छापून बाहेर! म्हणून बटणताई. सासरे त्याच कचेरीत वाटराखे होते. वाटेवरची झुडपं छाटायची, दगडांवर पांढऱ्या खुणा रंगवायच्या, झऱ्यातला गाळ उपसायचा आणि संध्याकाळी वहीत नोंद करायची, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. निवृत्त झाले त्या वर्षी कचेरीत संगणक आला आणि सासऱ्यांच्या वह्या सुनेनं त्यात भरल्या. त्यावरून नकाशा झाला. नकाशात वरच्या वाटेवरचे तिन्ही झरे बाद होते, म्हणून वरची वाटही बंद झाली. तोंडाशी साखळी लागली. हौशी मंडळी खालच्या वाटेनं जाऊ लागली.

म्हातारा तेव्हा फार हळहळला होता. "तिन्ही आटले? एकदम?" पण कचेरीनं सांगितलं म्हणजे खरंच असणार, आणि कचेरीनं लावलेली साखळी ओलांडायची नाही, हा तर त्यांनी स्वतःच जन्मभर लोकांना शिकवलेला नियम. बारा वर्षं त्यांनी तो पाळला. दोन महिन्यांपूर्वी मात्र एका सकाळी ते घरातून निघाले ते दिवे लागायच्या वेळेला परतले, गुडघ्यापर्यंत चिखल. आणि तेव्हापासून एकच धोशा: वर पाणी आहे.

बरं, नुसतं घरात बोलले असते तर एक वेळ चाललं असतं. पण रोज उठून वाटेच्या तोंडाशी उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं. "बाटली अर्धीच भरा, वरच्या वाटेनं जा." एकदा तर फलकावरच्या सरकारी नकाशावर पेनानं तीन निळे ठिपके काढून आले. तक्रार आली. साहेबांनी मुलाला फोन केला. मुलगा, म्हणजे बटणताईचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा सरळमार्गी माणूस, बापाला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, त्या दिवशी कुठं गेला होता?" आजोबा म्हणाले, "झऱ्यांवर." मुलानं फोनमधला नकाशा डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

आणि म्हाताऱ्याच्या बाजूनं बोलायचं तर बोलायचं काय? गॅस दोनदा उघडा राहिला होता. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. सुनेला एकदा त्यांनी आपल्या गेलेल्या बायकोच्या नावानं हाक मारली होती. शेवटी नवऱ्यानं शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जागा धरली. सोमवारी सकाळी दहाला न्यायचं, त्यासाठी त्यानं रजासुद्धा टाकली. परवा बुधवारी त्यानं आश्रमाचा फॉर्म हातानं भरला आणि बायकोला म्हणाला, "जरा नीट टाइप करून दे ना."

तिनं घेतला. नाव, वय, औषधं, भराभर झालं. मग आला रकाना: 'नसलेल्या गोष्टी दिसतात काय? उदाहरण द्या.' नवऱ्यानं लिहिलं होतं, 'झरे.' दोन अक्षरं. तिथं तिची बोटं अडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा अडली. एखाद्या माणसाबद्दल असं काही लिहायचं तर आधी आपल्या डोळ्यांनी बघायला नको?

"शुक्रवारी रजा घेतेय," ती म्हणाली. "बाबांना घेऊन वर जाते."

"वेडी आहेस का? तुझा गुडघा!"

"गुडघा माझा आहे. मी बघेन."

आणि जाण्याआधी तिनं कचेरीच्या कपाटातून सासऱ्यांची जुनी वही पिशवीत टाकून आणली. वर कोरडे दगड दिसले की त्यांच्याच अक्षरात त्यांना हळूच दाखवायचं, की बाबा, हे तुम्हीच बाद केले होते, आता विसरलात. माणसाला आपल्याच अक्षराचं पटतं.

साखळी ओलांडताना म्हातारा थबकला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "तू कचेरीची आहेस. तू आधी ओलांड."

वाट अशी उरलीच नव्हती. काटेरी झुडपं, आडवी पडलेली खोडं, पायाखाली घसरणारा पाला. पण घरात चष्मा न सापडणारा हा माणूस इथं मात्र घरात वावरावं तसा वावरत होता. पाला बाजूला सारून दगडावरची पुसट पांढरी खूण दाखवायचा. "ही माझी. ही पण माझी. ही नाही, ही त्या डावऱ्याची, तो नेहमी तिरकी काढायचा." बटणताई मागून धापा टाकत होती. पिशवीतलं चार लिटर पाणी खांदा ओढत होतं आणि गुडघ्यातून कळ कमरेपर्यंत जात होती. उन्हाळा सरत आलेला, झाडं नुसती काड्या. दोनदा म्हातारा म्हणाला, "सूनबाई, परत फिरू या का?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "चला पुढं." आता माघार घेतली असती तर सोमवार होताच की दारात उभा.

दीड तासानं ते एका कपारीपाशी थांबले. "हा लाजरा," सासरे म्हणाले.

बटणताईनं बघितलं. सुका पाला. पाल्याखाली सुके दगड. चहाचा चमचा भिजेल इतकीही ओल नाही. आपल्याला हे आधीच ठाऊक होतं असं ती वाटभर स्वतःला सांगत आली होती, पण नाही. पाणी असावं असंच तिला मनातून वाटत होतं, हे तिला आत्ता कळलं, आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढंच काय ते पाणी.

"बाबा," तिनं वही बाहेर काढली. "हे बघा. तुमचंच अक्षर आहे ना?"

"थांब गं जरा." त्यांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते गुडघ्यांवर बसले, कपारीत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ-मूठ पाला उपसू लागले. "त्याला लाजरा उगाच म्हणत नाहीत. तोंड झाकून बसतो मेला. दोन महिन्यांपूर्वी मोकळा केला होता, परत झाकलं बघ."

पाला संपला. चपटा दगड लागला. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला आणि खालून, आधी गढूळ, मग नितळ, करंगळीएवढी धार वर आली. दगडावरून घरंगळून तिच्या चपलेपाशी आली. थंडगार.

बटणताई धारेपाशी खाली बसली. ओंजळ भरली, प्यायली, पुन्हा भरली. तोंड, मान, पदर, सगळं भिजवून घेतलं. मग एकदम तिला वही आठवली.

"पण मग तुम्ही हे बाद का केले होते?"

"कोणी बाद केलं?"

"हे काय." तिनं बोट ठेवलं. प्रत्येक झऱ्यापुढे त्यांनी थोडक्यात एकेक अक्षर घातलेलं होतं. खालच्या वाटेच्या झऱ्यांपुढे 'हं.', म्हणजे हंगामी, पावसानंतर चार महिने वाहणारे. वरच्या तिघांपुढे 'बा.'

म्हाताऱ्यानं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. वाचलं. मग सुनेकडे असं बघितलं की जणू भ्रम तिलाच झालाय.

"बाद कुठलं, बाई? बारमाही!"

त्या आठवड्यात काय झालं होतं ते बटणताईला लख्ख आठवलं. झऱ्यांच्या वह्यांच्या आधी तिनं कचेरीच्या जुन्या सामानाची यादी भरली होती. खुर्ची, बा. पंखा, बा. कपाट, दार मोडलेलं, बा. तीनशे वस्तू, तीनशे वेळा बाद. डोक्यात तेच भिनलेलं. त्याच झपाट्यात झऱ्यांची वही पुढ्यात आली. बा., बा., बा. बाद, बाद, बाद. जे कधी आटत नाहीत ते खोडले आणि जे आटतात ते ठेवले! वर्षानुवर्षं उन्हाळा आला की लोकांची पत्रं यायची, नकाशातला झरा कोरडा आहे म्हणून, आणि हीच बया त्यांना उत्तरं टाइप करायची, 'बदलत्या हवामानामुळे...' घराच्या भिंतीपलीकडच्या खोलीत वाटराखा बसलेला, पण एका शब्दानं त्यांना विचारावंसं वाटलं नाही. बोटांना फार घाई!

"बाबा, चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्हाला भ्रम नाही झाला. घोळ मी घातला."

म्हाताऱ्यानं धारेत बोटं धरली. "मला वाटायला लागलं होतं," ते हळूच म्हणाले, "की मला खरंच काहीतरी झालंय. त्या दिवशी आलो होतो, हात घातला होता, प्यायलो होतो. पण तुम्ही सगळे शहाणे एका बाजूला. मग मीच म्हटलं, स्वप्न असेल." बटणताईला स्वतःच्या बोटांचा इतका राग कधी आला नव्हता.

ती उठली. पिशवीतल्या दोन्ही बाटल्या काढल्या आणि घरून आणलेलं चार लिटर पाणी एका वाळलेल्या झाडाच्या मुळाशी ओतून दिलं.

"अजून दोन राहिलेत ना? चला."

"गुडघा?"

"गुडघा गेला उडत!"

दुसरा गुळण्या. नाव कशावरून पडलं ते लांबूनच ऐकू आलं, कुणी सकाळी मोरीत उभं राहून खळखळा चूळ भरावी तसा आवाज. तिसरा थोरला, अगदी माथ्याखाली, पोटरीभर पाण्याचं टाकंच. बटणताईनं प्रत्येकाचा फोटो काढला, बाटल्या थोरल्यावर भरल्या आणि संध्याकाळी बसत-घसरत खाली उतरली. शेवटचा टप्पा तिनं सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून काढला.

शनिवारी अर्धा दिवस कचेरी असते. लंगडत ती साहेबांपुढे उभी राहिली. फोटो ठेवले, वही उघडली, सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हे, पण निवृत्तीला आठ महिने राहिलेले.

"अहो ताई, बारा वर्षं झाली. आता कशाला उकरायचं? असं करू, 'नवीन झरे सापडले' म्हणून नोंद घालू. कचेरीचं नाव होईल, तुमचंही."

"सापडले नाहीत साहेब. ते होते तिथंच आहेत. चूक दुरुस्ती म्हणूनच नोंद घालायची, खाली सही माझी."

"कारवाई होऊ शकते तुमच्यावर."

"होऊ दे. एका शहाण्या माणसाला आम्ही वेड्यात काढलं, त्यापुढे काय होणार आहे?"

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि सुस्कारा टाकून पेनाचं टोपण काढलं.

संध्याकाळी तिनं तेच सगळं नवऱ्याला सांगितलं. फोटो दाखवले. फॉर्म टेबलावरच होता, वर फुलदाणी ठेवलेली.

"झऱ्यांचं ठीक आहे," तो म्हणाला. "पण गॅसचं काय? विसरतात ते. ते तर खोटं नाही ना?"

"नाही. विसरतात. उद्या आणखी विसरतील. गॅसकडे मी बघेन, चष्मा तू शोध. पण जे आहे ते त्यांना दिसतं, आणि आपण ते 'नसलेलं' म्हणून लिहिलं. आणि त्यावरून त्यांना घालवायचं ठरवलं." तिचा आवाज चढला. "मी तो फॉर्म टाइप करणार नाही. तुला न्यायचंच असेल तर हातानं लिहिलेला ने, आणि आधी एकदा वर जाऊन ये."

झोपायला जाताना नवरा बापाच्या खोलीच्या दारात थांबला. "बाबा, उद्या रविवार आहे. मला दाखवाल?"

"तुला? तू लिफ्टनं वर जाणारा माणूस," आतून आवाज आला. "सहाला तयार राहा."

सकाळी सहाला नवरा नळापाशी उभा होता. बटणताई गुडघ्याला पट्टा गुंडाळत खुर्चीवर बसून बघत होती. त्यानं बाटली भरली, गळ्यापर्यंत, अगदी तिनं भरली होती तशीच. झाकण लावलं. दारात म्हातारा काठी आणि टोपी घेऊन उभा होता. बाटलीकडे बघत होता, पण आज तोंडातून अक्षर काढत नव्हता. दोन महिने सांगून सांगून दमला असावा.

नवऱ्याचं लक्ष गेलं. मग त्यानं झाकण काढलं आणि अर्धी बाटली नळाखाली ओतून टाकली.

"सोमवारची रजा रद्द करतो मी," बायकोकडे न बघता तो म्हणाला.

"टोपी घे," म्हातारा म्हणाला. "वर ऊन लागतं."