भरल्या गाडीची चाल

आमच्या पिकअपच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'पालोमिता' असं रंगवलंय. पालोमिता म्हणजे कबुतरी. नवी नवी घेतली तेव्हा माझ्या नवऱ्याला, वेनान्सिओला, फार कौतुक होतं तिचं. आमचं शेपाच नावाचं अख्खं गाव मात्र तिला बकरी म्हणतं, आणि गावाचं काही चुकत नाही. रिकामी असली की ती बया चालत नाही, टणाटण उड्या मारते. आत बसलेल्याचे दात वाजतात.

हा तिचा मूळ स्वभाव नव्हे. ही करणी आमच्याच शहाण्याची. शुक्रवारच्या बाजाराला आमच्या डोंगरातली माणसं पिकअपच्या हौद्यात उभ्याने जातात, लोखंडी दांड्याला धरून. पायाशी मक्याची पोती, कोंबड्या, घोंगड्यांची गाठोडी. त्या भाराने गाडीचं बूड रस्त्याला टेकायला लागलं, तेव्हा ह्याने काय करावं? भंगारातल्या बसचे जाडजूड पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, आणले आणि मागच्या चाकांवरच्या पाट्यांत घुसवले. शॉकअप तेल गळून गळून केव्हाच मेले होते, ते काढून फेकले. "एवढे पाटे असल्यावर शॉकअप कशाला? खेचर तगडं असल्यावर खोगीर कोण मागतो?" असं म्हणाला. आमच्याकडचे सगळे पिकअपवाले हेच करतात, एकाचं बघून दुसरा. मीही तेव्हा काही बोलले नाही, कारण शुक्रवारी भरल्या गाडीत मी मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन बसायचे आणि एक अंडं फुटायचं नाही.

मग सासूबाई पडल्या.

नान सेबास्तियाना म्हणतात त्यांना सगळे; नान म्हणजे वडीलधारी बाई. आमच्या गावच्या सुईण. घाम काढायच्या न्हाणीतून एका बाळंतिणीला बाहेर आणताना पाय सरकला. बाळंतिणीला सावरलं आणि स्वतः दगडावर आपटल्या. खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या दवाखान्यात हाडात सळई घातली आणि नंतर खालच्या गावात, डांबरी रस्त्याला लागून असलेल्या भाचीच्या घरी ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हाड सांधेपर्यंत मोठा धक्का बसता कामा नये. बसला तर पुन्हा कापाकापी, आणि या वयात ती सोसणार नाही. त्यांनी वेनान्सिओला विचारलं, "गाडी कसली आहे तुमची?" तो म्हणाला, "पिकअप." बाईंनी नुसती मान हलवली.

भाची बिचारी जीव लावणारी. पण सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. सूप दोन घोट, भाकरी नाही. म्हणे इथली चूल गॅसची, तिला धूर नाही, धुराशिवाय मला झोप लागत नाही. मी भेटायला गेले तेव्हा खरं काय ते बाहेर आलं.

"मेलेल्यांच्या सणाच्या आत मला घरी न्या."

"नान, हाड सांधू दे. सण काय, पुढच्या वर्षीही येईल."

"तुझा सासरा वर्षातून एकदा येतो," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला एकच दिवस सुटी. तो घरी आला, दारात झेंडू नाही, चूल थंड, मी नाही. मग? या भाचीचं घर त्याला माहीत नाही, मिकाएला. तो गेला तेव्हा हे बांधलेलंही नव्हतं."

मी उशी सारखी करायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. तेही नेहमीचंच. मी डोंगरापलीकडची, दुसऱ्या गावातली. माझ्या हातचं पाणी त्या घ्यायच्या, आधार कधी घेतला नाही. इतकी वर्षं झाली, मला ते लागायचंच. का लागू नये?

घरी येऊन मी वेनान्सिओला सांगितलं, "आईला आणायचं तर आधी तुझ्या बकरीला माणसात आण." तो दुसऱ्याच दिवशी शहरात जाऊन कोरे करकरीत शॉकअप घेऊन आला. कागदातून काढून टेबलावर ठेवले, लेकरू निजवावं तसे.

पुलाजवळच्या तासो मिस्त्रीने ते बसवले. मीही गेले होते. माझ्या गैरहजेरीत हे दोघे मिळून गाडीला आणखी काय घुसवतील याचा भरवसा नव्हता.

"वहिनी, एक लक्षात घ्या," तासो गाडीखालून बोलत होता. "धक्का खातो तो पाटा. शॉकअपचं काम वेगळं. पाट्याने एकदा खाल्लेला धक्का त्याने पुन्हा पुन्हा उगाळत बसू नये, एवढंच तो बघतो."

"मग एक माझ्या नवऱ्यालाही बसव की," मी म्हटलं. "माझ्या भावाने लग्नात केलेली थट्टा अजून उगाळतोय."

तासो खालून खो खो हसला. वेनान्सिओने पाना हातात देताना जरा आपटूनच दिला.

नट हातानेच लावून तासोने जॅक उतरवला, गाडी चाकांवर टेकवली आणि मगच पाना घेऊन परत खाली शिरला. मी विचारलं, वर होती तेव्हाच का नाही आवळलंस? "लटकत्या गाडीत आवळलं तर रबर पिळलेलंच राहतं, लवकर फाटतं. आधी तिला तिच्या वजनावर बसू द्यायचं." मला ते पटलं. माणसालाही घाईने आवळू नये, आधी बसू द्यावं.

मग परीक्षा. मी घरून पेजेचा डबा आणला होता. वाडगा काठोकाठ भरला, मांडीवर धरला आणि म्हटलं, चल. डांबरावर थेंब हलला नाही. वेनान्सिओ माझ्याकडे बघून मिशीत हसायला लागला. कच्चा रस्ता लागला, पहिला खड्डा आला, आणि सगळी पेज माझ्या अंगातल्या नव्या विपीलवर! ज्या विपीलचं भरतकाम करता करता माझे डोळे गेले, त्याच्यावर!

"कबुतरी म्हणे! तुझ्या कबुतरीला घाल चुलीत!"

परत आलो तेव्हा तासोने माझ्याकडे बघितलं आणि काही विचारायची गरज त्याला पडली नाही. "शॉकअप बिचारे काय करतील? वर बसचे पाटे बसलेत. रिकाम्या गाडीत ते वाकतच नाहीत. जो वाकतच नाही त्याला शांत काय करणार?"

"मग काढ ते पाटे."

त्याने पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट दाखवले. गंजून पाट्यांशी एकजीव झालेले. कापावे लागतील, आणि त्या मापाचे नवे शहरातूनच मागवायचे, सण झाल्यावर. आता सगळी दुकानं बंद.

वेनान्सिओ एका जुन्या टायरवर बसला. किती बोलायचं ठरवलं होतं मी, पण त्याचा चेहरा बघून त्याच्या शेजारीच टेकले. तो म्हणाला, "माझ्याच हाताने मी तिचा रस्ता बंद केला, मिकाएला."

"वाळू भरा," तासो म्हणाला. "भार पडला की पाटे वाकतील. मग माझे शॉकअप काय करतात ते बघा."

"आणि शिडी?" वेनान्सिओने मान वर केली.

तासोने हातातला पाना खाली ठेवला. शिडी म्हणजे आमच्या गावाखालचा चढ. इतका उभा, की तिथे सिमेंटच्या दोन पट्ट्या टाकल्यात, चाकांपुरत्या. भरली गाडी तो चढ चढत नाही. शुक्रवारी सगळे खाली उतरतात, चालतात, लागलंच तर ढकलतात, आणि वर पोचलं की पुन्हा चढतात. वर अजून दगडगोट्यांचा रस्ता उरलेलाच असतो. आता वाळू काय शिडीखाली उतरून चालत वर येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीवर गेले. सणाचे तमाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात उकडलेले उंडे, करायचे म्हणून मक्याची पाटी घेऊन गावातल्या सगळ्या बायका रांगेत. एकीने सहज विचारलं, "नान कधी येतायत गं?" आणि माझं पित्त खवळलं. तिचा काही दोष नव्हता.

"नाही येत! कशा येतील? शुक्रवारी हौद्यात चढायला माकडांसारखी झुंबड करता, एकमेकांच्या पायांवर उभे राहता, तुमच्या वजनाने गाडी लोण्यासारखी चालते. आणि ज्या दिवशी आम्हाला वजन हवंय त्या दिवशी बाजार नाही! नानचा नवरा येणार, रिकामं घर बघणार आणि परत जाणार. बसा तमाल वळत!"

एवढं बोलले आणि ओला मका तसाच दळायचा सोडून घरी आले. मग परत जाऊन दळून आणला, कारण सण कुणासाठी थांबत नाही. तोवर बायका गेल्या होत्या.

सणाच्या आदल्या सकाळी धुकं होतं. सासूबाई येणार नाहीत म्हणून निदान झेंडू तरी आणावा, असं म्हणून वेनान्सिओ गाडी काढायला अंगणात गेला आणि तिथूनच ओरडला, "अरे, आज बाजार नाही!"

मी बाहेर आले. हौदा भरलेला. दांड्याला धरून माणसं उभी, घोंगड्यांत गुंडाळलेली. बेकरीवाला पास्क्वाल, दोन्ही शाळामास्तर, गिरणीवरच्या बायका, त्यांचे नवरे. सणाच्या आदल्या दिवशी थडगी झाडायची असतात, चुना लावायचा असतो, प्रत्येकाच्या घरात तमालांची पातेली चुलीवर चढायची असतात.

"कुठे चाललात सगळे?" वेनान्सिओने विचारलं.

"कुठेच नाही," पास्क्वाल म्हणाला. "परत इथेच."

वेनान्सिओला अजून कळत नव्हतं. मला कळलं, आणि मी ओरडलेच. "पास्क्वाल, तू मागे उभा राहा, चाकांच्या वर! आज तुझ्या पोटाला पहिल्यांदा काहीतरी काम मिळालंय!"

"बघितलंत? आज सगळ्यांना माझ्या पावांचं महत्त्व कळतंय," तो म्हणाला आणि मागे सरकला.

भाचीच्या घरी सासूबाईंना खुर्चीसकट उचलून गाडीपाशी आणलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. मी शेजारी, हातात पेजेचा वाडगा, काठोकाठ. गाडी निघाली. कच्चा रस्ता आला. पहिला खड्डा आला तेव्हा मी डोळे मिटले. गाडी खाली गेली, हळूच वर आली आणि तिथेच स्थिरावली. दुसरी उडी नाही. मागच्यांनी गुडघे सैल सोडले होते, जसे ते दर शुक्रवारी सोडतात. वाडग्यातली पेज नुसती थरथरली.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या, आणि प्यायल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना मी पोटभर काही पिताना बघितलं.

मागून हसणं, ओरडणं ऐकू येत होतं. त्यांनी कान दिला. "हा पास्क्वाल. बाहेर यायच्या आधीच रडायला लागला होता. ही तेओदोरा, पायाळू. तो मास्तर, नाळेचे वेढे घेऊन आलेला. निळा पडला होता." थोड्या वेळाने मला विचारलं, "आज बाजार आहे का गं?"

"नाही, नान."

त्यांनी मान वळवून मागच्या काचेतून हौद्याकडे बघितलं.

शिडीखाली सगळे उतरले. गाडी सिमेंटच्या पट्ट्यांवरून मुंगीसारखी चढली, आणि दोन्ही बाजूंनी माणसं हात लावून चालत होती, मिरवणुकीत देवाच्या पालखीला लावतात तसा. वर पोचल्यावर सगळे धापा टाकत पुन्हा हौद्यात चढले. उरलेला रस्ताही तसाच सरला.

अंगणात गाडी थांबली. वेनान्सिओने दार उघडलं आणि आईला उचलायला हात पुढे केले. पास्क्वाल आला, मास्तर आले. सासूबाईंनी एकेकाकडे बघितलं.

"तुम्हाला पहिल्यांदा उचललं तेव्हा कोंबडीएवढेही नव्हतात कुणी," त्या म्हणाल्या. "आणि आता बघा. गाडी दाबून आणलीत माझ्यासाठी." त्यांचा आवाज फुटला, तसा त्यांनी शालीचा पदर तोंडाला लावला आणि वेनान्सिओचे हात ढकलले. "तू नको."

"अगं आई, पडशील!"

"तुम्ही कुणीच नको. मिकाएला, तू ये."

मी पुढे झाले. मला वाटलं, वाडगा द्यायचा असेल.

"हे सगळे माझ्या हातात आलेले," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "त्यांच्यावर अंग टाकायला मला जमायचं नाही. तू माझ्या हातातली नाहीस, पोरी. तुझ्यावर टाकता येईल."

त्यांनी माझ्या गळ्यात हात टाकला आणि सगळा भार माझ्यावर सोडला. मी गुडघे जरा वाकवले, आणि आम्ही दोघी घरात गेलो.