बाईसाहेबांचा हात

मालगुजारी जाऊन पंचाहत्तर वर्षं होत आली, तरी नाचणगावापलीकडच्या त्या खेड्यात ज्योत्स्नाबाई दिसल्या की माणसं पायातली चप्पल काढत. मालगुजारांची ही सून गावाची सरपंच. तिनं मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, कोरोनात स्वतःच्या दिवाणखान्यात खाटा टाकून रोग्यांची उष्टी काढली. गावातल्याच गोपिकेचा नवरा वाचला तो त्यातल्याच एका खाटेवर.

गावाची एकच खोड होती. ग्रामसभेत बाईसाहेबांचा हात वर गेला, की साऱ्यांचे हात वर! मागच्या सभेत त्यांनी कानाशी आलेली माशी हाकलली, आणि गावानं एकमतानं आपलीच पाणीपट्टी वाढवून घेतली.

आज दवाखान्याची जागा ठरायची होती. बाईसाहेब आपली रस्त्याकडची जमीन फुकट देत होत्या. पण गोपिकेची वस्ती नाल्यापल्याड. मागल्या साली पुरानं वाट अडली आणि तिच्या सुनेचं, अंकिताचं बाळ काठावरच गेलं होतं. गोपिका उभी राहिली.

"बाईसाहेब, रस्त्याकडे दवाखाना झाला तं पुरात आमच्या बाया येतीन कशा? वस्तीकडे बांधा."

"खाल्ल्या घरचे वासे मोजून राह्यली का वो?" म्हातारे रूपराव कडाडले.

"रूपराव, बसा. तिला बोलू द्या," बाईसाहेब म्हणाल्या. "मला माझीच जागा बरी वाटते. पण आता सगळ्यांनी डोळे मिटा. ग्रामसेवक, तुम्हीसुद्धा. हात मी मोजते."

"डोये काऊन मिटाचे?" रूपरावांनी विचारलं.

"तुम्ही माझा हात बघता म्हणून."

सभेनं डोळे मिटले. आधी वस्तीकडच्या जागेसाठी हात वर झाले, मग रस्त्याकडच्या. गोपिकेला राहवेना. तिनं एक डोळा किलकिला केला. बाईसाहेबांचा हात तिच्या विरुद्ध ताठ वर होता! बाईसाहेबांनी हात मोजले, पुन्हा मोजले.

"उघडा. रस्त्याकडे, माझा धरून, एकेचाळीस. वस्तीकडे बेचाळीस. दवाखाना वस्तीकडे."

सभा मोडल्यावर गोपिका रडत त्यांच्याजवळ गेली. "बाईसाहेब, मी पाह्यलं. तुमचा हात मले दिसला. एक मत इकडचं तिकडं केलं असतं तं कोणाले समजलं असतं?"

बाईसाहेब भडकल्या. "डोळे मिट म्हटलं होतं ना तुला?" मग पदर खोचून त्या नाल्याच्या वाटेला लागल्या. "माझीच जागा चांगली होती, हे मी मरेपर्यंत म्हणेन. चल, तुझी दाखव. उद्याच त्या जागेचा अर्ज घेऊन वर्ध्याला जायचंय."